घरच्या घरी चपलांचं बाकडं: आपल्या दमट हवेत टिकेल असं

दाराशी बसून बूट घालता येतील आणि खाली सगळ्यांच्या चपला राहतील असं एक बाकडं, पहिल्यांदा सुतारकामाला हात घालणाऱ्यानं हेच करावं असं माझं ठाम मत आहे, कारण यात ड्रॉवर नाही, दार नाही, बिजागरी नाही, सगळे सांधे सरळ काटकोनात, आणि घरातला प्रत्येक माणूस ते रोज वापरणार. आजीला उभ्यानं चप्पल सरकवताना भिंत धरावी लागते, पोरं शाळेच्या बुटाच्या लेस बांधायला दारातच फतकल मारतात, या सगळ्यांची सोय एकाच वस्तूत होते. विकतचे पण मिळतात, पण स्वस्तातले बरेचसे पार्टिकल बोर्डाचे असतात आणि आपला पावसाळा त्या बोर्डाला अजिबात मानवत नाही. ठाणे काय, ऐरोली काय, नेरूळ काय, भर पावसात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, त्यात ओल्या चपला, ठिबकणारी छत्री आणि रोज लादी पुसल्यावर खाली राहणारं पाणी. बोर्ड कडेनं पाणी ओढतो, फुगतो, आणि एकदा फुगला की परत बसत नाही. म्हणून माल निवडणं आणि कडा बंद करणं या दोन गोष्टींवर मी इथे सगळ्यात जास्त लिहिणार आहे, जोडकाम त्यामानाने सोपं आहे.

आधी जागा. बाकडं दाराच्या आतच ठेवायचं, बाहेरच्या पॅसेजमध्ये नको. तो पॅसेज सगळ्या मजल्याचा असतो, आग लागली की धुरात लोक तिथूनच जिन्याकडे पळणार, आणि सोसायटीची नोटीस येते ती वेगळी. दार पूर्ण उघडून बघा, दाराचं टोक कुठवर येतं तिथे जमिनीवर खडूनं खूण करा. मग वर्तमानपत्र बाकड्याच्या मापाचं कापून जमिनीवर पसरा आणि एक दिवस तसंच राहू द्या, घरातले लोक त्याला वळसा घालून जातात की पाय देऊन जातात ते दिवसभरात कळतं. माझं माप आहे ९०० मिमी लांब, ३३० मिमी खोल, ४५० मिमी उंच. ४५० म्हणजे साधारण खुर्चीची उंची, घरात गुडघे दुखणारं कोणी असेल तर ४८० करा, उठायला सोपं जातं. खोली ३३० च्या खाली नेऊ नका, मोठ्या माणसाचा स्पोर्ट्स शूज ३० सेंटीमीटरच्या आसपास भरतो आणि टाच बाहेर आली की येता-जाता पाय लागतो.

आता प्लाय. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, कमर्शियल देऊ की वॉटरप्रूफ? कमर्शियल म्हणजे एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड, ओल थोडीफार सोसते पण पाणी नाही. त्याच्यावर बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट), आणि त्याच्यावर मरीन म्हणजे बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ). पहिल्या दोन्ही आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली येतात, मरीन आयएस ७१० खाली. फरक मुख्यतः आतल्या गोंदाचा, एमआरमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो तो पाण्यानं सुटतो, बाकीच्या दोन्हीत फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा असतो तो टिकतो. मरीन प्लायचे तुकडे तर ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. चपलांच्या बाकड्याला बीडब्ल्यूआर पुरतो, बाथरूमच्या भिंतीला लागून ठेवणार असाल किंवा बाल्कनीत जाणार असेल तर मरीन घ्या. दुकानदाराच्या "वॉटरप्रूफ आहे साहेब" वर जाऊ नका, शीटवर छापलेला आयएसआय मार्क आणि त्याच्याजवळचा आयएस नंबर स्वतः वाचा. ७१० लिहिलंय म्हणजे मरीन, ३०३ लिहिलं असेल तर बाजूला ग्रेड काय छापलीय ते बघा.

मग शीट आडवी करून कडेनं बघा. थर सरळ एकावर एक बसलेले दिसले पाहिजेत, मध्ये फट किंवा काळं भोक दिसलं तर दुसरी मागा, नेमका तिथे स्क्रू गेला तर पकडत नाही. बोटाच्या पेरानं शीटभर टकटक करा, आवाज कुठे पोकळ आला तर आत थर सुटलाय. एका टोकाला डोळा लावून लांबीच्या दिशेनं बघा, वाक कळतो. बारीक टाचणीएवढी भोकं आणि त्यातून पिठासारखी पावडर दिसली तर ती शीट घरात आणूच नका, आत किडा आहे, तो बाकीच्या फर्निचरलाही लागतो. हे सगळं करताना दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे, पैसे आपले आहेत.

जाडी १८ मिमी घ्या. जुने मिस्त्री याला पाऊण इंच किंवा सहा सूत म्हणतात, एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी. हे सूताचं गणित डोक्यात ठेवा, हार्डवेअरवाल्याशी आणि सुताराशी बोलताना लागतंच. आणि १८ म्हणून दिलेली शीट खरंच १८ भरते का ते मोजा, साडेसतराही निघते, मग खालच्या मापात तेवढा फरक करायला लागतो.

शीट सगळीकडे ८ बाय ४ फुटाची असते असं लोक धरून चालतात, पण ६ बाय ४ आणि ६ बाय ३ पण मिळते, विचारायला लागतं. आपल्याला ६ बाय ४ हवी, म्हणजे २४ स्क्वेअर फूट, भाव स्क्वेअर फुटावर असतो आणि तो जीएसटी धरून की सोडून हे आधीच विचारून घ्या. ६ बाय ३ मध्येही बाकडं बसतं, पण ६ बाय ४ घेतली की एक चांगला लांब तुकडा उरतो, त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

कापून दुकानातूनच घ्या. नौपाड्यात, वागळे इस्टेटला, तुर्भ्याला, प्लायच्या बऱ्याच दुकानांत किंवा शेजारच्या गाळ्यात कटिंग मशीन असतं, थोडे पैसे घेतात आणि कट असा सरळ येतो की घरी हातकरवतीनं किंवा छोट्या सर्क्युलर करवतीनं तसा येणं पहिल्या वेळी अवघड. शिवाय अख्खी शीट २४-२५ किलोची, सोसायटीच्या लिफ्टमध्ये जाईल का याचीच शंका, आणि जिन्यानं चढवायची म्हणजे दोन माणसं आणि भिंतीचे कोपरे दोन्ही सोलून निघतात. तुकडे झाले की रिक्षात पण मावतात. मापांची चिठ्ठी मिमीमध्येच लिहा, इंच आणि मिमी एका कागदावर आले की गोंधळ ठरलेला:

वरची फळी, बसायची: ९०० × ३३०, एक
बाजू: ४३२ × ३३०, दोन
आतले कप्पे: ८६४ × ३३०, दोन
मागच्या पट्ट्या: ८६४ × १००, दोन
मधले आधार: १६८ × ३१२, दोन
मधला पाय: ३०० × ६०, एक

८६४ कुठून आलं तर ९०० मधून दोन बाजूंची जाडी, १८ अधिक १८, वजा. ४३२ म्हणजे ४५० वजा वरच्या फळीची जाडी. तुमच्या घरचं माप वेगळं असेल तर याच हिशेबानं बदला. कापणाऱ्याला सांगा की आधी शीटच्या लांबीत ३३० च्या तीन पट्ट्या काढ. एकीत वरची फळी आणि एक कप्पा, दुसरीत दुसरा कप्पा आणि दोन्ही बाजू, तिसरीत मधले आधार आणि पाय. उरलेल्या अरुंद पट्टीत मागच्या दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी निघतात. करवतीचं पातं दर कटला साधारण ३ मिमी खातं ते धरूनच हे बसवलंय. तिसऱ्या पट्टीचा १४०० मिमीच्या आसपासचा तुकडा उरतो तो दुकानात सोडून येऊ नका.

हत्यारं फार लागत नाहीत. हॅमर फंक्शनवालं एक ड्रिल मशीन, दोन-अडीच हजारांच्या पुढे ठीक मिळतं आणि घरात पुढची कित्येक वर्षं लागतं. लाकडाचे ३ आणि ४ मिमीचे बिट, स्क्रूचं डोकं आत बसवायला काउंटरसिंक बिट, मेजरटेप, काटकोन बघायला गुण्या, दोन सी क्लॅम्प, ८०, १२०, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रश. स्क्रू ८ नंबर २ इंची, स्टेनलेसचे, पन्नास-साठ घ्या. काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त पडतात पण ते ठिसूळ असतात, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं, आणि ओल्या चपलांच्या शेजारी गंजतात. हत्यारांची आवड लागली आणि भरपूर प्रकार एका ठिकाणी बघायचे असतील तर एखाद्या दिवशी स्लो लोकलनं मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा, सगळी गल्ली हत्यारांची आहे. पण या बाकड्यासाठी तेवढं जायची गरज नाही.

जोडायच्या आधी सगळे तुकडे जमिनीवर मांडा आणि प्रत्येकावर पेन्सिलनं नाव घाला, डावी बाजू, उजवी बाजू, पुढची कड कुठली. दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ठेवून एकदमच रेघा मारा, वेगवेगळ्या मारल्या की कप्पा तिरका बसतो. खालचा कप्पा जमिनीपासून ६० मिमीवर, म्हणजे खालून झाडू आणि फडकं फिरतं. त्याची जाडी धरून ७८, त्यावर १६८ ची मोकळी जागा, २४६ वर दुसरा कप्पा, त्याचे १८, मग पुन्हा १६८ आणि वर फळी. सगळं मिळून ४५०, एकदा स्वतः बेरीज करून बघा. ही मोजणी आणि रेघा पाचवी-सहावीच्या पोरांना करायला द्या, फार मन लावून करतात, तुम्ही फक्त शेवटी तपासा.

भोक पाडल्याशिवाय प्लायच्या कडेत स्क्रू मारायचा नाही, कड फाटते आणि मग तिथे काहीच पकडत नाही. बाहेरच्या तुकड्यात ४ मिमीचं आरपार, आतल्याच्या कडेत ३ मिमीचं, दर सांध्याला तीन भोकं, पुढून ४ सेंटीमीटर आत एक, मागून तेवढंच आत एक आणि मध्ये एक. फेविकॉल मरीन वापरा, साधा पांढरा पाण्याला तेवढा टिकत नाही. कडेवर पातळ सारखा थर, तुकडा बसवा, क्लॅम्प लावा, मग स्क्रू, आणि बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसा कारण वाळलेल्या गोंदावर रंग नीट बसत नाही.

क्रम असा ठेवा. मधला पाय खालच्या कप्प्याच्या बरोबर मध्ये खालून लावा, म्हणजे वरून स्क्रू मारून. मग त्याच कप्प्यावर पहिला मधला आधार उभा करा, पुढची कड जुळवून, आणि याला खालून स्क्रू, पायाच्या जरा बाजूनं जायला लागतं म्हणून पाय मध्यापासून २० मिमी सरकवला तरी चालेल. आता एक बाजू, खालचा कप्पा, वरचा कप्पा, दुसरी बाजू. वरच्या कप्प्यातून खालच्या आधारात वरून स्क्रू. मग मागच्या पट्ट्या, एक खालच्या कप्प्याच्या वर उभी, दुसरी अगदी वर, फळीच्या खाली. मधले आधार ३१२ चे का ठेवले ते इथे लक्षात येतं, मागे पट्टीला १८ मिमी जागा लागते. पूर्ण पाठ मुद्दाम लावत नाही, चपलांना वारा लागला पाहिजे नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते आणि वास घरभर. दुसऱ्या आधाराला खालून स्क्रू मारता येत नाही, तिथे गोंद, मागून पट्टीतून स्क्रू आणि शेवटी वरच्या फळीतून. हे मधले आधार ऐच्छिक आहेत असं समजू नका, दोन मोठी माणसं शेजारी बसली की ८६४ मिमीची १८ ची फळी एकटी ते वजन वर्षानुवर्षं सरळ पेलत नाही, मध्ये झोळ येतो.

वरची फळी लावायच्या आधी काटकोन बघा. समोरून एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा, मग दुसरा कर्ण, दोन्ही सारखे आले पाहिजेत, एखाद-दोन मिलिमीटर चालतात. जास्त फरक असेल तर जो कर्ण लांब आहे त्याची दोन टोकं क्लॅम्पनं हळूहळू दाबून आणा आणि गोंद वाळेपर्यंत तसंच ठेवा.

आवाजाचं पण बघा. बहुतेक सोसायट्यांत दुपारी दोन ते चार शांतता असते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तर कायद्यानंच गोंगाट करायचा नाही. रविवारी सकाळी दहाला सुरू केलं तर जेवणाच्या आत ड्रिलिंग उरकतं. खालच्या मजल्यावर आजारी माणूस किंवा दहावी-बारावीचं पोर असेल तर आदल्या दिवशी जाऊन सांगून या.

आता रंग, आणि इथे घाई केली तर वरचं सगळं वाया. स्क्रूची डोकी आणि कडेच्या फटी लांबीनं, म्हणजे लाकडाच्या पुट्टीनं, भरा, वाळली की ८० नं, मग १२०, मग १८० नं घासा, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. हे काम बाल्कनीत करा, मास्क आणि चष्मा लावूनच, प्लायची धूळ बारीक असते आणि त्यात गोंद असतो, लहान मुलांना घासायला द्यायचं तर त्यांनाही मास्क पाहिजेच. ड्रिल मात्र मोठ्यांच्याच हातात. मग वुड प्रायमरचा एक हात, ३२० नं हलकंसं घासून दुसरा हात. कडांना दोन हात पुरत नाहीत, थराच्या टोकातून प्लाय प्रायमर पिऊन टाकतो, तिथे तिसरा-चौथाही द्या, कड चकचकीत दिसायला लागेपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाकडं पालथं करून बाजूंच्या तळाच्या कडा आणि मधल्या पायाची खालची कड रंगवा. कोणाला दिसत नाही म्हणून ती सगळेजण सोडतात आणि लादीचं पाणी नेमकं तिथूनच वर चढतं. त्यावर रबरी बुश स्क्रूनं लावा, म्हणजे लाकूड जमिनीला टेकतच नाही.

वरून ऑइल पेंटचे दोन हात, मधे पूर्ण एक दिवस जाऊ द्या. रेषा दिसायला हव्या असतील तर पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन, पारदर्शक पॉलिश) घ्या, वास कमी येतो, बंद फ्लॅटमध्ये तेच बरं. लॅकर किंवा फ्रेंच पॉलिश जुलै-ऑगस्टमध्ये करूच नका, दमट हवेत ते वाळताना वर पांढरट धूर धरल्यासारखं होतं. खरं म्हणजे रंगकामाला दसऱ्यापासून मे अखेरपर्यंतचाच काळ चांगला. पावसातच करायचं असेल तर उघडीप बघा, पंखा चालू ठेवा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबा. थिनर उघडं असताना गॅस बंद आणि देवघरातला दिवाही विझवलेला, याला अपवाद नाही, आणि भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा.

आता तो उरलेला तुकडा. त्यातून ९०० × २०० ची एक फळी काढा, किल्ल्या, हेल्मेट, टॉर्च ठेवायला भिंतीवर लागते. लोखंडी एल ब्रॅकेट दोन, एकमेकांपासून ६०० मिमीवर, म्हणजे दोन्हीकडे १५० बाहेर. बाकड्याच्या वर लावत असाल तर सहा फुटाच्या वर न्या, बसलेला माणूस उठताना डोकं आपटतं.

भिंत कुठली आहे ते आधी कळायला पाहिजे, आणि ते ड्रिलच्या भुकटीवरून कळतं. जिथे ब्रॅकेट झाकून टाकेल अशा जागी भोक सुरू करा. प्लास्टर संपल्यावर लाल पावडर आली तर विटांची भिंत, जुन्या नौपाड्याच्या किंवा वाशीच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा हीच, ८ मिमीचा प्लग आणि स्क्रू, काम झालं. बिट लोण्यात गेल्यासारखा शिरला आणि फिकट पांढरट पीठ आलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटची वीट, याच्यात हॅमर बंद करून साधंच ड्रिल करा नाहीतर भोक मोठं होतं, आणि लांब, एएसीसाठी म्हणून मिळतो तोच प्लग घ्या. आणि बिट चार-पाच मिलिमीटरवर थांबला, राखाडी भुकटी अगदी थोडी येतेय, तर ती काँक्रीटची भिंत. घोडबंदर रोडच्या, खारघरच्या, उलव्याच्या नव्या टॉवरांत मायवन पद्धतीनं सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. तिथे साध्या ड्रिलशी झटापट करत बसू नका, मोटर जळते, रोटरी हॅमर भाड्यानं आणा किंवा ज्याच्याकडे आहे त्या मिस्त्रीला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. मध्ये सळई लागली तर ती कापत बसायचं नाही, भोक बाजूला सरकवायचं.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत कधीही ड्रिल मारू नका, आतून वायरिंग त्याच रेषेत जातं. बाथरूम किंवा किचनची पलीकडची बाजू असेल तर नळ कुठे आहेत ते आधी जाऊन बघा, पाइप त्याच रेषेत वर चढतो. शंका वाटली तर ती जागा सोडा.

पुढची देखभाल वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला. सगळ्या चपला काढून बाकडं बाल्कनीत न्या, पालथं करा, बुश झिजलेत का बघा, झिजले असतील तर बदला. कडेचा रंग कुठे उडालाय तिथे घासून पुन्हा दोन हात द्या, पाऊस संपलेला असतो त्यामुळे वाळतोही पटकन. पहिल्या वर्षी स्क्रू एकदा हातानंच आवळा, मशीननं नको, आणि मागच्या पट्टीजवळ मातीच्या बारीक वाटा दिसतात का नीट बघा, दिसल्या तर वाळवी भिंतीतून येतेय, मग नुसतं बाकडं साफ करून भागत नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून भिंतीचा कोपरा आणि दाराची चौकट दोन्ही तपासून घ्या.